रोजच्या व्यवहारातले इंग्रजी
(अमडापूर येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्हांस इंग्रजीवर बोलण्यास सांगितले आहे. आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक नव्हे. इंग्रजीच्या हातचा मार खाल्लेले आहोत, एवढाच आमचा अधिकार.

आमच्या वेळी ए, बी, सी, डी पाचवीत सुरू होत असे. पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आले. आम्ही शब्दांचे अर्थ पाठ केले, गायीवरचा निबंध पाठ केला आणि पास झालो. मग चिखली-खामगाव रस्त्यावर एस.टी. धरली आणि कॉलेजात नाव घातले. तेथे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म हाती आला. पहिल्याच ओळीत 'नेम इन ब्लॉक लेटर्स' असे छापलेले. नेम कळले, लेटर्स कळले. ब्लॉक म्हणजे काय? त्या काळी आपल्या खेड्यात ब्लॉक म्हणजे पंचायत समिती. बी.डी.ओ. साहेब ब्लॉकचे! आम्ही नाव बारीक अक्षरांत लिहिले आणि खाली ठळकपणे लिहून दिले, 'ब्लॉक चिखली'.

फॉर्म महिनाभराने परत आला. खोलीतला वरच्या वर्गाचा मुलगा पोट धरून हसला. "काय बाबू, पंचायत समिती समजलास काय? अरे, मोठ्या लिपीत लिही म्हणते तो!" हसू झाले, पण शिष्यवृत्ती लांबली आणि खानावळीचे बिल चढले. बापाने दारची शेळी विकून ते भरले. गायीवरचा निबंध आम्हांस तेव्हाही तोंडपाठ होता.

म्हणून मित्रहो, आज आम्ही शेक्सपियरच्या इंग्रजीविषयी बोलणार नाही. फॉर्मवरचे, औषधावरचे, बँकेच्या खिडकीवरचे इंग्रजी, त्याविषयी बोलू.

तुम्ही म्हणाल, आम्हाला इंग्रजी येत नाही. खोटे आहे. तुमची आजी शाळेत गेली नसेल, पण ती टिकीट, कंडक्टर, डॉक्टर, इंजेक्शन, बँक, रेशन म्हणते. तुमचे वडील मोटार, स्टार्टर, बेअरिंग आणि थ्री फेज म्हणतात. रात्रीची लाइट कधी येणार यावर दोन तास बोलतात. ओठावरचे हे शब्द डोळ्यांनी ओळखता आले पाहिजेत. एका वहीत असे शंभर शब्द स्पेलिंगसह लिहून काढा. परक्या घरात आपली माणसे भेटावीत तसे वाटेल.

आता जिवाची गोष्ट. आपल्याकडे सोयाबीन, कपाशी, तूर. फवारणी घरोघर. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो, त्यातला खालचा त्रिकोण रंगीत. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्यावर 'पॉइझन' लिहितात, लालवर कवटीही असते. निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. हिरवा रंग म्हणजे प्यायला चालेल असे नव्हे. कॉशन म्हणजे जपून. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना विषबाधा होऊन २०च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, ती इंग्रजीवर ढकलण्याचा आमचा विचार नाही. परंतु घरात नववीचा मुलगा असताना डब्यावरचे तीन शब्द कोणी वाचू नयेत, हे आम्हांस सहन होत नाही. ती वाचणारी मुलगी असली तर अधिक बरे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले' संग्रहातच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तसेच. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. गंमत अशी की ही अक्षरे इंग्रजी नव्हेत, लॅटिन आहेत. म्हणजे न कळल्याची लाज वाटण्याचे कारण नाही, विचारावे. 'एक्सपायरी' मात्र शुद्ध व्यवहारातला शब्द. ती तारीख उलटली की गोळी घेऊ नये.

बोलण्याचे काय? आपला मुलगा खिडकीवर जाऊन म्हणतो, "गिव्ह मी फॉर्म." आतला माणूस चिडतो. मुलगा उद्धट नसतो. मराठीत आदर क्रियापदात बसतो. 'दे' चे 'द्या' केले की झाले. इंग्रजीत आईलाही 'यू', गुरुजींनाही 'यू' आणि बकरीलाही 'यू'. तेथे आदर 'प्लीज' मध्ये आणि 'मे आय' मध्ये ठेवावा लागतो. "मे आय हॅव अ फॉर्म, प्लीज?" एवढे वाक्य शंभर वेळा मोठ्याने म्हणा. दुसरी अडचण क्रियापदाच्या जागेची. आपण 'मी शाळेत जातो' म्हणतो, जाणे शेवटी. इंग्रज आधी जातो, मग शाळा सांगतो: 'आय गो टू स्कूल'. मनात मराठी वाक्य जुळवून शब्दास शब्द ठेवला की घोटाळा होतो. म्हणून वाक्येच्या वाक्ये कानावर पडू द्या. चुकेल. पुट आणि बट यांचा उच्चार वेगळा का, हे आम्हांस अजून कोणी पटवून दिलेले नाही.

बाबासाहेबांच्या इंग्रजीचा दाखला सारे देतात, त्यामागची घरची शिकवणी कमी जण सांगतात. सुभेदार रामजी मुलाला स्वतः इंग्रजी शिकवीत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरी करून घेत. पुस्तकासाठी पैसा नसला की लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन दागिना मागून आणीत. मुंबईच्या चाळीतली एक खोली, त्यात सारे बिऱ्हाड. १९०७ साली मॅट्रिक आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठ. आणि ज्यांना कोलंबियाचे इंग्रजी आले त्यांनी १९२० साली 'मूकनायक' काढले ते मराठीतच, हेही ध्यानात असू द्या.

आता कामाचे. येत्या बुधवारपासून संध्याकाळी सात वाजता विहाराच्या ओट्यावर एक तास बसायचे ठरले आहे. पाचवी ते बारावी, कोणीही या; आई-वडील आले तरी हरकत नाही. येताना शंभर पानी वही आणि घरातला एखादा छापील इंग्रजी कागद आणा. वीजबिल चालेल, बँकेची स्लिप चालेल, औषधाच्या खोक्यातले घडीपत्रक चालेल. फवारणीचा रिकामा डबा मात्र कोणी आणू नका, धुतला तरी त्यात विष राहते. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपले नाव ब्लॉक लेटर्समध्ये लिहायचे आहे.