स्वामित्वहक्काचा कायदा आणि आपण

(धारवाड येथे शिक्षक, ग्रंथपाल व ग्रामीण कलावंत यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काही महिन्यांपूर्वी एका भजनी मंडळाचे वयोवृद्ध बुवा माझ्या कचेरीत आले. घडीवर घडी पडून जीर्ण झालेला एक मुद्रांक त्यांच्या हाती होता. तरुणपणी स्वतः रचलेली व स्वतः चाल लावलेली आठ भजने त्यांनी एका कॅसेट कंपनीसाठी गाइली होती आणि एकरकमी मानधन घेऊन या कागदावर सही केली होती. आता नातवाने त्यांतील एक भजन हरिनाम सप्ताहात म्हटले, कोणी ते मोबाईलवर टिपून इंटरनेटवर चढविले आणि कंपनीच्या तक्रारीवरून ते तेथून काढून टाकण्यात आले. "साहेब, माझेच भजन माझ्या नातवाने म्हणू नये काय?" असा बुवांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना मला कायद्याचा इतिहास चाळावा लागला. तोच आज आपणापुढे मांडीत आहे.

या देशात स्वामित्वहक्काचा पहिला कायदा कंपनी सरकारच्या अमदानीत, १८४७ साली झाला. पुढे विलायतेतील १९११ च्या कायद्याच्या धर्तीवर १९१४ चा कायदा आला. लेखकाच्या हयातीनंतर पन्नास वर्षे हक्क टिकेल असे त्याने ठरविले. परंतु भाषांतराचा हक्क मात्र पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून दहाच वर्षांपुरता ठेवला. त्या मुदतीत भाषांतर निघाले नाही, तर पुढे कोणीही ते करावे! ही तरतूद आज कित्येकांना चमत्कारिक वाटेल. तथापि दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तिचे मोल कळेल. आता हावेरी जिल्ह्यात मोडणाऱ्या मुलखातील गळगनाथ यांनी हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडात आणल्या, आणि कन्नड वाचकांची एक पिढी त्यांवर पोसली. आज मात्र भाषांतरासही मूळ लेखकाची अथवा त्याच्या वारसांची अनुमती लागते.

सध्याचा कायदा १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यातही मुदत पन्नास वर्षांचीच होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपणार, तोच सरकारने वटहुकूम काढला आणि १९९२ च्या सुधारणेने मुदत साठ वर्षांची झाली. ही वर्षे मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजावयाची असतात. धारवाडचे द. रा. बेंद्रे १९८१ मध्ये गेले. त्यांच्या कवितेवरील हक्क २०४१ अखेरपर्यंत राहील. याच गावात ज्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकविले ते आपले जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये गेले. त्यांच्या कथांचा हक्क २०४७ अखेरपर्यंत. उलटपक्षी गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ सालीच वारले. त्यांचे 'सौभद्र' कोणीही छापावे, कोणीही रंगभूमीवर आणावे. मात्र त्यातील पदांची एखाद्या गायकाने केलेली ध्वनिमुद्रिका ही निराळी वस्तू आहे आणि तिचा हक्कही निराळा आहे.

हक्क कल्पनेवर नसतो, तर तिच्या मांडणीवर असतो. आर. जी. आनंद यांच्या नाटकाची कल्पना 'न्यू दिल्ली' या चित्रपटाने उचलली, असा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून १९७८ साली तो फेटाळण्यात आला. हुंड्यावर एकाने नाटक लिहिले म्हणून दुसऱ्याने लिहू नये असे नाही. तसेच हक्क मिळण्यासाठी नोंदणी आवश्यक नाही; कृती लिहून झाली की हक्क जन्मतो. नोंदणी हा केवळ पुराव्याचा भाग होय.

आता गायकांकडे वळतो. या जुळ्या शहरांत याविषयी बोलताना कंठ थोडा जड होतो. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या तबकड्या १९३० च्या दशकात 'गांधारी' या नावाने घरोघर वाजल्या. परंतु १९१४ च्या कायद्याने तबकडीचे स्वामित्व ती काढणाऱ्यास दिले आणि १९५७ च्या कायद्यानेही तेच चालू ठेवले. शब्द कवीचे, तबकडी कंपनीची. गळा मात्र कोणाचाच नाही, अशी ही स्थिती होती. १९७७ साली चित्रपटगीतांच्या एका खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालास पुस्ती जोडून, गायकाला वगळणे हे भारतीय संगीताच्या प्रकृतीशी विसंगत असल्याचे स्पष्ट बजावले. संसदेला ते मनावर घेण्यास सतरा वर्षे लागली. १९९४ च्या सुधारणेने कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. ती मे १९९५ मध्ये अमलात आली, तेव्हा मल्लिकार्जुन मन्सूर यांना जाऊन पावणेतीन वर्षे होत आली होती. प्रथम पंचवीस वर्षांचा असलेला हा हक्क १९९९ मध्ये पन्नास वर्षांचा झाला. २०१२ च्या सुधारणेने चित्रपटगीतांच्या कवी व संगीतकारांना, त्यांनी सही करून दिली तरीही, स्वामित्वधनाचा वाटा मिळालाच पाहिजे असे ठरविले.

गुरुजनांना थोडक्यात सांगतो. शिकविण्याच्या ओघात किंवा प्रश्नपत्रिकेत उतारा घेणे हा अपराध नाही. शाळेच्या संमेलनात शिक्षक-विद्यार्थ्यांनी पालकांसमोर नाटक करण्यास परवानगी लागत नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता, अथवा देवस्थानाच्या मदतीसाठी प्रयोग केला, तरी चालतो. लग्नाच्या वरातीतील गाण्यांसही सूट आहे (ध्वनिक्षेपकाच्या कर्कशतेस सूट नाही, हे माझे पदरचे!). परंतु जत्रेत तिकीट लावून मंडळाच्या फायद्यासाठी हयात नाटककाराचे नाटक करावयाचे, तर त्याचे अनुमतिपत्र हवेच. हक्कभंगास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलेला आहे.

नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाचा असतो. मी लिहिलेली सारी पत्रके सरकारची आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला पगार नाही, त्याने मात्र सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा. हक्क देणे लेखी असले पाहिजे. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे त्यात लिहिलेले असावे. काळ लिहिला नसेल तर कायदा तो पाच वर्षांचा धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

बुवांच्या कागदावर मुदत नव्हती. मला आनंद झाला, पण तो क्षणभरच टिकला. ही पाच वर्षांची तरतूद १९९४ च्या सुधारणेने आली आणि ती अमलात येण्यापूर्वीच्या कागदांना लागू नाही. बुवांचा मुद्रांक १९९३ चा होता. आम्ही तो पुन्हा ओळीओळीने वाचला. त्यात "सदर ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क" एवढेच शब्द आढळले. भजनांचे शब्द आणि चाल यांचा कोठेही उल्लेख नाही. म्हणजे जुनी फीत कंपनीची खरी, पण नातवाने नव्याने म्हटलेले भजन त्या फितीची नक्कल ठरत नाही. वकिलांनी त्याप्रमाणे उत्तर धाडले आहे. बुवांनी तो मुद्रांक आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला आहे, आणि नातू उरलेली सात भजने वहीत उतरवून घेत आहे.