शेजारचा बाजार आणि स्पर्धाशक्ती



शेजारच्या गावाशी व्यवहार वाढावा म्हणून वेशीवरची जकात माफ केली, परंतु मधल्या ओढ्यावर पूल बांधला नाही, तर बाजार भरणार कसा? दक्षिण आशियाई राष्ट्रांच्या परस्पर व्यापाराची स्थिती काहीशी अशीच आहे.

१९८५ साली ढाका येथे ‘सार्क’ संघटना स्थापन झाली. तिच्या सदस्य राष्ट्रांनी २००४ मध्ये इस्लामाबाद येथे मुक्त व्यापार क्षेत्राचा ‘साफ्टा’ करार केला व २००६ पासून तो अमलात आला. आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्य ते पाच टक्क्यांपर्यंत उतरवावे, अल्पविकसित राष्ट्रांना अधिक मुदत द्यावी, हे त्याचे सूत्र. काही वस्तू सवलतीतून वगळण्याची मुभा प्रत्येक राष्ट्रास होती. अल्पविकसित राष्ट्रांसाठीची अशी यादी भारताने २०११ मध्ये ४८० वस्तूंवरून २५ वर आणली.

तथापि, जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार या राष्ट्रांचा आपसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच होता. आग्नेय आशियातील ‘आसिआन’ राष्ट्रांत हे प्रमाण पाचव्या हिश्श्याहून अधिक आहे. शुल्क हा मालाच्या किमतीचा केवळ एक अंश होय. पेट्रापोल-बेनापोल सीमेवर बहुतांश माल भारतीय ट्रकमधून उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये पुन्हा भरावा लागतो. त्यात दिवस जातात आणि खर्चही वाढतो. २०२५ मध्ये बांगलादेशाने भूमार्गाने येणाऱ्या भारतीय सुतावर आणि भारताने तेथील तयार कपड्यांवर निर्बंध घातले. करारातील शुल्कसवलत कायम राहिली, वाट मात्र लांबली.

स्पर्धाशक्ती सवलतीतून आपोआप येत नाही, हेही बांगलादेशाच्या उदाहरणावरून ध्यानी येते. तेथे कापूस फारच थोडा पिकतो. तरीही आयात केलेला कापूस व सूत, मोठे कारखाने आणि प्रामुख्याने स्त्री-कामगारांचे श्रम यांच्या बळावर तयार कपड्यांच्या निर्यातीत तो देश जगातील अग्रगण्य देशांत जाऊन बसला.

महाराष्ट्राशी याचा संबंध कांद्यातून येतो. नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे बांगलादेश हे मोठे गिऱ्हाईक. सप्टेंबर २०१९ मध्ये देशातील भाववाढ रोखण्यासाठी निर्यात थांबविण्यात आली, तेव्हा त्या देशाने म्यानमार, इजिप्त व तुर्कस्तान येथून कांदा आणविला. २०२० आणि २०२३ मध्येही निर्यातबंदी आली. शहरातील ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, हे निर्विवाद. परंतु दुसरीकडे वळलेले गिऱ्हाईक सहजी परत येत नाही, आणि त्याची झळ लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला बसते.

म्हणून गावोगावी पक्क्या कांदाचाळी उभ्या राहिल्या, मालाची प्रतवारी काटेकोर झाली, तर टंचाईच्या महिन्यांतही देशाची गरज भागवून शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळता येईल. यासाठी पंचायत सदस्यांनी पुढाकार घ्यावा, अधिकाऱ्यांनी योजनांची माहिती वेळेवर पोहोचवावी आणि शिक्षकांनी या व्यवहाराचे गणित विद्यार्थ्यांना समजावून द्यावे. करार राजधानीत होतात हे खरे; परंतु त्यांचे फळ पदरात पडण्याची तयारी गावातच करावी लागते.