यंत्र आलें, पण किल्ली कोणाच्या हातीं?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या मेळाव्यांत झालेलें भाषण)



नव्या यंत्रांनीं आपली राहणी, आपलें शिक्षण आणि आपल्या चालीरीति कशा पालटत आहेत तें सांगावें, असें चालकांनीं मला कळविलें. या विषयावर दोन तऱ्हेचीं भाषणें नेहमीं ऐकूं येतात. एक वक्ता म्हणतो, यंत्र आलें, आतां गरिबाचें दैन्य संपलें. दुसरा म्हणतो, यंत्र आलें, आतां संस्कृति बुडाली. मी दोघांनाही एकच प्रश्न विचारतों. यंत्र आलें तें ठीक, पण त्याची किल्ली कोणाच्या हातीं आहे? ज्याच्या हातीं किल्ली, त्याचें यंत्र. बाकीचे सारे त्याचे ताबेदार.

संस्कृति बुडाली म्हणून रडणाऱ्यांचें म्हणणें आधीं पाहूं. ते म्हणतात, जातें गेलें आणि ओवी गेली. गोष्ट खरी आहे. आपल्या आया-आज्या कोंबडा आरवण्यापूर्वी उठून जात्याशीं बसत आणि दळतां दळतां माहेर, सासर, लेक, भाऊ, विठ्ठल, दुष्काळ, सगळें ओवींत सांगत. ज्या बायांच्या हातीं कोणीं पाटी दिली नाहीं, त्यांचें तें वाङ्मय होय. हेमा रायरकर आणि गी पॉइटवां यांनीं गांवोगांवच्या बायांना बरोबर घेऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढा मोठा ठेवा पिठाच्या गिरणीनें थांबविला, यांत शंका नाहीं.

परंतु मी विचारतों, जात्यासाठीं हळहळणारांपैकीं कितीजणांनीं पायली दोन पायली ज्वारी स्वतः दळली? ज्यांच्या हाताला घट्टे पडले, त्या बायांनीं गिरणीचें स्वागतच केलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४५ सालच्या आपल्या ग्रंथांत यंत्रविरोधाचें खंडन करतांना हेंच सांगितलें आहे: माणसाला जनावरासारखें राबण्यांतून सोडवून विसावा आणि मनाच्या वाढीस अवकाश द्यावयाचा असेल, तर यंत्र पाहिजे. गिरणीनें बाईचे रोजचे दोन तास वांचविले. आतां प्रश्न एवढाच कीं ते दोन तास कोणाच्या पदरांत पडले? ती वाचावयास बसली कीं दुसऱ्याच्या शेतावर आणखी दोन तास खुरपावयास गेली? आणि गंमत अशी कीं ज्या यंत्रयुगानें ओवी थांबविली, त्याच युगाच्या यंत्रावर त्यांतल्या कित्येक ओव्या त्या बायांच्याच आवाजांत आज फोनवर ऐकतां येतात. यंत्र मारतें तसें राखतेंही. तें काय करील हें यंत्र ठरवीत नाहीं, माणूस ठरवितो.

आतां नांगराकडे या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी भीति शेतकऱ्यांत होती. कोणी त्याला अडाणीपणा म्हणेल. मी म्हणत नाहीं. ज्याचें सारें घर एका पिकावर उभें आहे, त्यानें नवी वस्तु पारखूनच घ्यावी. पुढें अनुभव आला, भीति गेली, नांगर घरोघर झाला. याच नांगराची विक्री करीत गांवें पालथीं घालणारा एक माणूस होता. त्याचें नांव भाऊराव पाटील. त्यानें ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील कालें येथें रयत शिक्षण संस्था काढली. नुसत्या नव्या नांगरानें रयतेचें दैन्य फिटत नाहीं, नांगर धरणाऱ्याच्या पोरालाही अक्षर आलें पाहिजे, हें त्यानें ओळखलें. यंत्र विकणारे पुष्कळ झाले. यंत्राबरोबर शाळा देणारा विरळा.

छापखान्याचेंही तेंच. छापखाना आला तेव्हां त्यावर पंचांगें छापलीं गेलीं, पोथ्या छापल्या गेल्या. त्याच यंत्रावर जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालीं छापून निघाली. १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं ‘दीनबंधु’ काढला. १९१० सालीं मुकुंदराव पाटलांनीं ‘दीनमित्र’ सुरू केला, आणि तो नगर जिल्ह्यांतील तरवडीसारख्या खेड्यांतून वर्षानुवर्षें चालविला. शहरांतल्या विद्वानांना वाटे, पत्र काढावें तें पुण्या-मुंबईच्या माणसानें. खेड्यांत खिळे जुळवून मुकुंदरावांनीं तो भ्रम मोडला. यंत्राला जात नसते. मात्र यंत्रापुढें कोण बसतो याला फार अर्थ असतो.

हें सर्व मागचें झालें. आतां आपल्या दाराशीं काय चाललें आहे तें पाहूं.

पूर्वी गांवचें दप्तर कुळकर्ण्याच्या घरीं असे. अक्षर मोडी, वही त्याची, वाचणारा तोच. कोणाचें नांव चढलें, कोणाचें उतरलें, धारा किती, बाकी किती, तें तो सांगेल तें खरें. जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालीं लिहिला, त्यांत अक्षरशून्य शेतकरी कागदाच्या जोरावर कसा नागविला जातो हें उघड करून दाखविलें. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१८ सालीं करवीर संस्थानांत कुळकर्णी वतनें काढून पगारी तलाठी नेमले. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९१७ सालीं, त्यांनीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें होतें. या दोन हुकुमांचा मेळ नीट ध्यानांत घ्या. दप्तर एकाच्या घरांतून काढावयाचें, आणि तें वाचण्याची ताकद सर्वांच्या घरांत घालावयाची. एक केलें आणि दुसरें राहिलें, तर कुळकर्णी जातो आणि त्याची जागा भरावयाला दुसरा येतो.

आज सातबारा फोनवर आला आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला; त्याची सरकारी फी १५ रुपये ठेवली गेली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानें स्वतः बांधावर उभें राहून पिकाचा फोटो काढावा आणि आपलें पीक आपणच नोंदवावें अशी ती योजना. जोतीरावांनीं हें पाहिलें असतें तर त्यांना आनंद झाला असता! जी वही पाहावयास मिळत नव्हती, तीत आपलें पीक शेतकरी आपल्या बोटानें लिहूं लागला.

पण बांधावर जाऊन पाहा, तेथें काय चालतें? म्हातारा शेतकरी फोन पुढें करतो आणि कोणा पोरास म्हणतो, “बाबा, तेवढें भर.” पोरगा भरतो. कापसाच्या जागीं तूर पडली, कीं रान पडीक पडलें, हें म्हाताऱ्यास ठाऊक नाहीं. पीक नोंदलें गेलें नाहीं तर पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाची खरेदी, सगळीकडे खोळंबा. २०२३ सालीं एक रुपयांत पीकविमा आला. शेतकऱ्यानें रुपया द्यावा, आणि केंद्रचालकास विमा कंपनीनें दर अर्जामागें ४० रुपये द्यावे असा ठराव होता. तरी ठिकठिकाणीं शेतकऱ्याकडून शंभर-शंभर रुपये वेगळे घेतल्याच्या तक्रारी झाल्या. बोगस अर्जांचा बभ्रा झाला, आणि २०२५ सालीं ती एक रुपयाची योजनाच बंद झाली. लबाडी केली थोड्यांनीं, विमा महागला सर्वांना.

बंधूंनो, मी येथें एक कडू गोष्ट बोलणार आहें. आमच्या वाडवडिलांना नाडणारा कुळकर्णी कोणत्या जातीचा हें सर्वांस ठाऊक होतें. आजच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य पुष्कळदां आपलाच असतो. आपल्याच भावकींतला, आपल्याच आळींतला. तो प्रामाणिक असेल तर त्याच्यासारखा उपकारकर्ता नाहीं, आणि असे प्रामाणिक पोर पुष्कळ आहेत. परंतु जो आपल्या चुलत्याच्या अज्ञानावर दर लावतो, त्याला मी बहुजनसमाजाचा म्हणूं काय? कुळकर्णीपण ही जात नव्हे, ती वृत्ति आहे. दुसऱ्याच्या अज्ञानावर जो आपली भाकरी भाजतो तो कुळकर्णी, मग त्याचें आडनांव कांहींही असो.

आतां मायबहिणींविषयीं. २०२४ सालीं लाडकी बहीण योजना आली, महिन्याचे १५०० रुपये बाईच्या खात्यांत येऊं लागले. खातें बाईचें, पण फोन कोणाचा? बँकेचा निरोप नवऱ्याच्या फोनवर येतो, ओटीपीचा आंकडा मुलाच्या फोनवर येतो. मग त्या पैशाची धनीण कोण? सावित्रीबाईंनीं शेणगोळे सोसून मुलींना अक्षर शिकविलें, तें दुसऱ्यानें वाचून दाखवावें म्हणून नव्हे. घरांत एकच चांगला फोन असेल तर तो लेकीच्या व सुनेच्या हातीं आधीं द्या, असें माझें सांगणें आहे. ती तो वायां घालवील असें म्हणणाऱ्यानें आपला दिवस फोनवर कसा जातो तें आधीं मोजावें.

शाळेचा अनुभव तर ताजा आहे. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि फोनवर शिक्षण सुरू झालें. ज्याच्या घरीं फोन, त्याची शाळा चालली. ज्याच्या घरीं तीन पोरें आणि एकच फोन, आणि तोही बापाबरोबर रानांत गेलेला, त्याची शाळा बुडाली. कित्येक मुली त्या काळांत शाळेंतून सुटल्या त्या पुन्हा गेल्याच नाहींत. शाहू महाराजांनीं शाळा सक्तीची केली ती सर्वांना. फोनची शाळा मात्र ज्याच्या खिशांत पैसा त्याचीच झाली. म्हणून कोणी तुम्हांस सांगेल कीं आतां फोन आला, गांवच्या शाळेची गरज उरली नाहीं, तर त्यास गांवाच्या वेशीवरूनच परत पाठवा. फोन मास्तरचा हात होऊं शकतो, मास्तर होऊं शकत नाहीं.

आणखी एक गोष्ट पाहा. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजीं निघाला, आणि निर्मिक व मनुष्य यांच्यामध्यें दलाल नको असें त्यानें सांगितलें. आज तोच दलाल फोनमधून घरांत शिरला आहे. रोजचें राशिभविष्य फोनवर, मुहूर्त फोनवर, पूजेची दक्षिणाही फोनवर! हा संदेश दहा जणांना पाठवा, नाहीं तर अरिष्ट येईल, अशी धमकीही फोनवरच. यंत्र विज्ञानानें घडविलें आणि त्यांतून वाहतें अज्ञान, यापेक्षां मोठी थट्टा कोणती? शेजाऱ्यावर द्वेष उत्पन्न करणारें जें कांहीं येतें, तें पुढें ढकलण्यापूर्वीं जोतीरावांचा एकच प्रश्न विचारा: हें खरें कशावरून?

कारागीर बंधूंनो, तुमच्यासाठीं एक ताजें उदाहरण आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतील चार जिल्हे, येथल्याच कारागिरांनीं केलेली चप्पल कोल्हापुरी म्हणावी असा तो हक्क आहे. जून २०२५ मध्यें इटलीच्या मिलान शहरांत प्राडा या धनाढ्य कंपनीनें तशीच पायताणें मिरविलीं आणि कोल्हापूरचें नांवही घेतलें नाहीं. पूर्वी अशी गोष्ट येथें कळलीही नसती. या वेळीं चित्र त्याच दिवसांत फोनफोनांवर पोंचलें, ओरड झाली, आणि ही घडण भारतीय कारागिरांपासून स्फुरली हें कंपनीस कबूल करावें लागलें. हें यंत्राचें बळ. परंतु नांव मिळालें म्हणून कातडें कमावणाऱ्याच्या आणि चप्पल शिवणाऱ्याच्या हातीं दाम पडलें असें होत नाहीं. त्यासाठीं संघ पाहिजे. मानांकनाखालीं आपलें नांव नोंदवून, एकत्र माल विकून, दर आपण ठरविला पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी फोडली नाहीं. १८८४ सालीं गिरणीकामगारांना एकत्र केलें, आणि १८९० सालीं रविवारची सुटी मिळविली. यंत्राशीं कसें वागावें याचा हा आपल्या चळवळीचा धडा आहे.

आतां करावें काय, तें थोडक्यांत सांगतों.

पहिलें, दर घरांत एक तरी माणूस, आणि शक्य तर एक बाई, सातबारा व आठ-अ स्वतः वाचणारी असावी. नांव, क्षेत्र, पिकाची नोंद आणि ‘इतर हक्क’ या रकान्यांतील बोजा, एवढें तरी वर्षांतून दोनदां तपासावें.

दुसरें, केंद्रावर गेल्यावर आधीं दराचा फलक पाहावा आणि पावती मागावी. पावती मागणें हा अपमान नव्हे, तो व्यवहार आहे.

तिसरें, फोनवर पैसे घेण्यासाठीं पिन कधींही लागत नाहीं. पिन लागतो तो पैसे देतांना. पैसे येणार आहेत, पिन टाका, असें जो म्हणेल तो चोर समजावा. ओटीपीचा आंकडा साहेबास, जांवयास, कोणासच सांगूं नये. योजनेच्या नांवानें आलेली अनोळखी फाइल उघडूं नये. फसगत झालीच तर लाज न धरतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. जितका उशीर, तितका पैसा दूर.

चौथें, आणि सर्वांत मुख्य. जोतीरावांनीं १८५५ सालीं शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा मनुष्य रात्रींच शिकूं शकतो, हें त्यांनीं जाणलें. तीच शाळा आज पुन्हा पाहिजे. आठवड्यांतून दोन रात्री, चावडींत किंवा देवळाच्या ओसरीवर, गांवांतल्या शिकलेल्या पोरापोरींनीं वडीलधाऱ्यांना फोन, बँक आणि दप्तर शिकवावें. भरून देऊं नये, भरावयास शिकवावें. भरून देणारा उपकार करतो, शिकविणारा स्वतंत्र करतो. याला पैसा लागत नाहीं, सरकारची परवानगी लागत नाहीं. लागते ती लाज सोडण्याची तयारी. नातवाकडून शिकावयास आजोबानें लाजूं नये, आणि आजोबाच्या चुकीस नातवानें हंसूं नये.

आपले पूर्वज पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यानें लिहिलेल्या कागदावर आंगठा उठवीत आले. आज आंगठा यंत्रावर टेकावा लागतो. तो टेकण्यापूर्वीं त्या यंत्रावर काय लिहिलें आहे तें वाचतां आलें, तरच कांहीं पालटलें असें म्हणावयाचें. नाहीं तर शाई गेली आणि कांच आली, एवढाच फरक. येत्या सोमवारीं या गांवांत रात्रीची शाळा कोण सुरू करतो, त्यांचीं नांवें सभा उठण्यापूर्वीं येथेंच लिहून घ्यावीं, अशी अध्यक्षांस विनंति करून मी आपली रजा घेतों.