विद्येच्या घरचे भांडवल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. तेव्हा विद्यापीठांच्या पैशाविषयी मी बोलावे, याचे काहीजणींना नवल वाटेल. परंतु आज घरोघरची मुले "नोकरी नको, स्वतःची कंपनी काढतो" असे म्हणू लागली आहेत, आणि त्या कंपनीचे पहिले भांडवल पुष्कळदा आईच्या कपाटातून निघते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

नव्या कल्पनेच्या धंद्याला बँक सहजी कर्ज देत नाही. तारण नसते आणि विक्रीही नसते. मोठे भांडवलवाले येतात ते माल तयार झाल्यावर. मग मधली दोनतीन वर्षे निभवायची कोणी? हे काम अलीकडे विद्येची घरे करू लागली आहेत. पवईच्या आय.आय.टी.ने २००४ साली 'साइन' नावाची संस्था याकरिता काढली. आपल्या पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. ती १९५० सालची. तिच्या आवारात २००७ साली 'व्हेंचर सेंटर' सुरू झाले. तेथे नव्या उद्योजकाला बसायला जागा, लाखो रुपयांची उपकरणे वापरण्याची सोय आणि जाणत्यांचा सल्ला मिळतो.

एक उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. पैठणीचे रेशीम आपल्याला ठाऊक. कोश उकळून त्यावरचा चिकट भाग काढला की आतला मजबूत धागा उरतो. त्याच धाग्याच्या प्रथिनापासून हाडातील पोकळी भरण्याचे साहित्य करण्याचे काम या प्रयोगशाळेत झाले, आणि शास्त्रज्ञ डॉ. अनुया निसळ यांनी त्यातून 'सेरिजेन' ही कंपनी उभी केली. असे साहित्य प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत जायला चाचण्या आणि परवाने लागतात, त्यात वर्षे जातात. तेवढा धीर धरणारे भांडवल हवे असते.

हा पैसा येतो कोठून? काही सरकारचा, काही माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांचा. केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या बीजभांडवल योजनेत अशा केंद्रांमार्फत कल्पना पडताळण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि पुढे बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा भागांत बदलता येणारे रोखे, असे ठरविले होते. अनुदान एकदम हातात पडत नाही. ठरलेले काम दाखवावे, मग पुढचा हप्ता घ्यावा.

आणि संस्थेला काय मिळते? आपल्या सासूबाईंच्या वेळी कालवड अर्धलीने देत असत. मालकाने कालवड द्यायची, दुसऱ्याने वाढवायची, आणि पुढे येणाऱ्या किमतीत दोघांचा वाटा. येथे तसेच, मात्र वाटा अर्धा नसून थोडासाच असतो. जागा, ज्ञान किंवा पैसा यांच्या बदल्यात संस्था कंपनीचे थोडे भाग घेते. कंपनी बुडाली तर ते भाग कागदच ठरतात. चालली तर पैसा परत येतो आणि पुढच्या मुलांच्या कामी लागतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे गूगलच्या मूळ शोधाचे पेटंट होते. ते वापरू देण्याबद्दल विद्यापीठाला १८ लाख भाग मिळाले आणि ते विकून २००५ सालापर्यंत ३३ कोटी ६० लाख डॉलर हाती आले. पण असा योग क्वचितच येतो. पवईतच वाढलेल्या 'आयडियाफोर्ज' कंपनीचे उडते यंत्र आपण 'थ्री इडियट्स' चित्रपटात पाहिले आहे. २००७ साली सुरू झालेल्या या कंपनीचे भाग २०२३ साली ६७२ रुपयांना विक्रीस आले आणि पहिल्याच दिवशी जवळजवळ दुप्पट भावाने उघडले. २०२५ साली तेच भाग ६७२ च्याही पुष्कळ खाली गेले. सोळा वर्षे तग धरलेल्या कंपनीची ही गत, मग कालच्या कंपनीचे काय सांगावे?

माझ्या जाऊबाईंच्या मुलाने यंत्राच्या सुट्या भागांचा धंदा काढला. जाऊबाईंनी पाटल्या मोडून पैसे दिले. पोरगा कष्टाळू, हुशार. पण ज्या गिऱ्हाइकावर भिस्त होती त्याने पैसे थकविले आणि दीड वर्षात शेड बंद पडली. पोराला दुसरी नोकरी लागली, पण पाटल्या गेल्या त्या गेल्याच. जाऊबाई त्याला कधी बोलल्या नाहीत. त्यांचे मोकळे हात मात्र सणावारी सगळ्यांना दिसतात.

भगिनींनो, संस्थेच्या आणि आईच्या पैशांत मोठा फरक आहे. संस्था अनेकांत थोडे थोडे पेरते. दहा वाफे सुकले आणि एकच फुलला तरी तिचे भागते. आई सारे एकाच वाफ्यात ओतते. म्हणून मुलाला किंवा मुलीला नाउमेद करू नका, पण चार प्रश्न अवश्य विचारा. तुझ्या कॉलेजात किंवा विद्यापीठात असे केंद्र आहे का? तेथे अर्ज केलास का? त्यांनी काय उणिवा दाखविल्या? त्यांना भागाचा किती वाटा द्यावा लागेल, ते लिहून घेतलेस का? आणि वेळ गमावू नये, कारण मघाशी सांगितलेल्या योजनेत कंपनी दोन वर्षांहून जुनी नसावी अशी अट होती.

जाणत्यांनी पारखून नकार दिला, तर तोही फुकटचा सल्लाच समजावा. आणि त्यानंतरही घरचे द्यायचेच झाले, तर बुडाले तरी चूल पेटती राहील एवढेच द्यावे. मुलीने कंपनी काढतो म्हटले, तर तिलाही मुलाइतकेच द्यावे, हे सांगायला नकोच.