टॉनिकआधी स्लाइड

घोड्याच्या रक्तात राहून त्याला खंगवणारे परजीवी आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेचे आहेत. पहिला सर्राचा, म्हणजे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. तो रक्तद्रवात मोकळा पोहतो आणि गोमाशीच्या तोंडाला लागलेल्या ओल्या रक्तातून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. दुसऱ्या तऱ्हेत थायलेरिया इक्वी आणि बबेसिया कॅबाली येतात. ते तांबड्या पेशींच्या आत शिरून त्या फोडतात आणि गोचिडांमार्फत पसरतात. दोन्हीकडे ताप येतो, रक्त कमी होते, जनावर वाळते. प्रतिकारशक्तीशी त्यांचे नाते मात्र अगदी वेगळे आहे, आणि तो फरक न पाहता दोन्हींवर टॉनिकची एकच बाटली ओतली जाते.

चुडाव्याच्या ग्रामस्थांचे आणि संयोजकांचे आभार मानून अधिवेशनाच्या अध्यक्षाने वर्षभरातील सर्व कामाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. आभार मनापासून आहेत. आढावा मात्र इथे बाजूला राहतो, कारण घोड्याची प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली जे चालले आहे त्यावर बोलणे फार वर्षे लांबले आहे.

ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये डेरा इस्माइल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सर्राचा जंतू पाहिला. 1889 मध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी पुण्यात सुरू झाली आणि 1893 मध्ये ती मुक्तेश्वरला हलली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर अनेक वर्षे काम केले. त्यांचे मुख्य हत्यार सूक्ष्मदर्शक होते. आज पीसीआर आहे, एलायझा आहे, हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तरीही तालुक्याच्या दवाखान्यात ताप आलेल्या घोड्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेणे हाच निदानाचा सर्वांत जवळचा मार्ग आहे, आणि नेमका तोच टाळला जातो.

सर्राचा जंतू प्रतिकारशक्तीला कसा चकवतो, हे समजले की टॉनिकचा फोलपणा कळतो. त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाचे दाट आवरण असते. घोड्याचे शरीर त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, बहुतेक जंतू मारले जातात, ताप उतरतो. तोवर काही जंतूंनी आवरण बदललेले असते. जुन्या प्रतिपिंडांना ते ओळखू येत नाहीत. ते वाढतात आणि ताप परत चढतो. या जातीच्या जंतूंकडे आवरणाची शेकड्यांनी जनुके असतात, म्हणूनच सर्रावर आजवर लस झालेली नाही. शिवाय हा जंतू प्रतिकारयंत्रणेलाच दुबळे करतो. व्हिएतनाममध्ये सर्रा झालेल्या म्हशींना घटसर्पाची लस दिली, तेव्हा तिचा प्रतिसाद कमी पडल्याचे दिसले. ज्या शरीराला साधी लस नीट पचत नाही, त्याला गुळवेलीचा काढा किंवा लेव्हामिसोलची सुई काय देणार? आधी जंतू मारावा लागतो, मग प्रतिकारशक्ती सावरते. हा क्रम उलटा करता येत नाही.

माणसाला सर्रा सहसा होत नाही. त्याचे कारण चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या आजारातून उलगडले. 2004 मध्ये त्याच्या रक्तात हाच जंतू सापडला. माणसातली ही जगातली पहिली खात्रीशीर नोंद. पुढे कळले की माणसाच्या रक्तात ॲपोएल-1 नावाचे एक प्रथिन असते, ते हा जंतू मारते, आणि या शेतकऱ्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असल्याने ते त्याच्याकडे नव्हते. सुरामिनने तो बरा झाला. घोड्याला हे प्रथिन निसर्गाने दिलेलेच नाही. जी गोष्ट मुळात नाही, ती टॉनिकने वाढत नाही.

सकाळच्या सत्रात काही सहकाऱ्यांनी प्रतिकारवर्धक औषधांची बाजू हिरिरीने मांडली. तिला उत्तर म्हणून पूर्णा तालुक्यातील वरातीच्या एका घोडीची हकीकत पुरेशी आहे. प्रस्तुत वक्त्याकडे ती आली तेव्हा पोटाखाली आणि पायांवर सूज होती, मागचा भाग लटपटत होता. मालकाचे पहिले वाक्य होते, “डॉक्टरसाहेब, बाटल्या सरल्या, पर ताप काही सरंना.” लिव्हर टॉनिक, लोहाची सुई, ताकदीचे चूर्ण असे सगळे देऊन झाले होते, रक्त मात्र कोणी घेतले नव्हते. तापात घेतलेल्या थेंबात जंतू वळवळताना दिसले. क्विनापायरामीन दिल्यावर ताप उतरला, आणि मागच्या पायांत जोर यायला लग्नसराई उलटली. त्याच आळीतले एक तट्टू त्याआधीच, निदानाविना, मेले होते. दोन्ही जनावरे ज्या म्हशींशेजारी बांधलेली असत, त्या वरून धडधाकट होत्या. म्हशीत हा जंतू बहुधा मुकाट राहतो. घोड्याला तो मारतो.

लोहाच्या सुईबद्दल इथेच सांगणे भाग आहे. सर्रातला पंडुरोग लोहाच्या तुटवड्याने होत नाही, तर पेशी नष्ट झाल्याने होतो. घोड्यात इंजेक्शनवाटे दिलेल्या लोहाची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. ती सुई सवयीने टोचणे थांबले पाहिजे.

थायलेरियाची गोष्ट निराळी आहे. तिथे प्रतिकारशक्ती खरोखर घोड्याला वाचवते. तीव्र आजारातून उठलेल्या घोड्यात जंतू बहुधा जन्मभर राहतो, पण ताब्यात राहतो. प्लीहा काढलेले घोडे या संसर्गाने मरतात. प्लीहा शाबूत असूनही जन्मतः प्रतिकारपेशी नसलेली अरबी शिंगरे प्रयोगात दगावली. म्हणजे प्लीहा आणि शिकलेली प्रतिकारशक्ती, दोन्ही लागतात. अशा वाहक घोड्याला उपासमार, लांबचा प्रवास आणि अतिश्रमापासून जपणे हेच त्याचे खरे बळ वाढवणे आहे. इमिडोकार्ब आजार आटोक्यात आणते. जंतूचा पुरता नायनाट मात्र कठीण असतो.

शिंगराच्या बाबतीत तर निसर्गाने उपाय हाताशी ठेवला आहे. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे पिलाकडे जात नाहीत. ती सगळी चिकातून मिळतात, आणि ती शोषण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर सुमारे 24 तासांत संपते. चीक बाधतो म्हणून तो काढून टाकणारे लोक अजून भेटतात. शिंगराने उभे राहताच पोटभर चीक पिणे, ही कोणत्याही बाटलीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

पुढची कामे ढोबळमानानेच सांगता येतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाश्या वाढतात, तेव्हा तापाचा प्रत्येक घोडा सर्राचा संशयित मानावा. एका स्लाइडमध्ये जंतू दिसला नाही म्हणून सर्रा नाही असे ठरवू नये. ताप पुन्हा चढताच रक्त परत घ्यावे. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत घोडे आणि गाढवे दूरदूरून येतात. तिथे रक्ततपासणीचा एक तंबू उभा राहावा. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना त्यातून शिकायलाही मिळेल. खर्च आणि माणसे यांचा विचार कार्यकारिणीने करावा. घोड्यात सर्रा सापडला की त्याच गोठ्यातील आणि शेजारच्या म्हशी-बैलांचे रक्तही तपासावे, आणि जंतू आढळलेल्या जनावरांवर घोड्याबरोबरच उपचार करावेत.