चालणाऱ्याची वाट आधी
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



अशा प्रसंगी शिक्षणाच्या महत्त्वावर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज रस्त्याकाठचे झाड तोडतानाच्या धोक्याविषयी बोलणार आहे. विषय आपणांस लहान वाटेल; पण त्यापायी माझी एक रात्र झोपेविना गेली आहे, आणि त्यात चूक माझीही होती.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या शाळेकडे येणाऱ्या रस्त्यावरचा जुना आंबा काढण्यात आला. तुमच्यापैकी अनेकांनी त्याच्या सावलीत एस.टी.ची वाट पाहिली असेल. खोड आतून पोकळ झाले होते, फांद्या वाळल्या होत्या. तो काढणे भागच होते. काम करणाऱ्यांनी पायवाटेवर आडवी दोरी बांधून तिला लाल फडके लावले आणि करवत सुरू केली. त्याच वेळी शाळा सुटली. मी फाटकाशी उभा होतो. मुले दोरीपाशी थबकली, तेव्हा मी म्हणालो, "थांबता काय? बाजूने जा."

बाजूला काय आहे, हे मी पाहिलेच नव्हते. बाजूला वाहता डांबरी रस्ता होता. मुले त्यावर उतरली. पाचवीतला एक मुलगा वर फांदीकडे बघत चालला होता. करवतीच्या आवाजात मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न कोणालाच ऐकू आला नाही. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, तरी गाडी मुलाच्या दप्तराला घासून गेली. अल्लाच्या मेहेरबानीने दप्तरच तेवढे फाटले.

मित्रहो, त्या दिवशी झाडाने कोणालाही इजा केली नाही. घात झाला असता तो माझ्या "बाजूने जा" या शब्दांनी. वाट बंद केली म्हणजे चालणारा सुरक्षित झाला, असे आपण समजतो. तसे नाही. बंद केलेल्या वाटेच्या बदली दुसरी वाट दाखवली, तरच तो सुरक्षित होतो.

आता झाड कसे पाडतात ते पाहा. ज्या बाजूला झाड पडायला हवे, त्या बाजूला खोडात आधी खाच घेतात. मग मागून करवत चालवीत आणतात आणि मधे थोडे लाकूड राखतात. ते लाकूड दाराच्या बिजागरीसारखे झाडाला वळवून खाली आणते. परंतु खोड आतून कुजलेले असेल तर ही बिजागरी ऐनवेळी तुटते आणि झाड भलतीकडे कलंडते. म्हणून माणसांना एकाच बाजूने नव्हे, चहूबाजूंनी दूर ठेवावे लागते. अंतर किती? अखंड झाड पाडायचे असेल तर झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट.

विद्यार्थी मित्रांनो, ही उंची काढायला झाडावर चढावे लागत नाही. उन्हात १ मीटरची काठी उभी धरा. तिची सावली ८० सेंटिमीटर आणि झाडाची सावली १२ मीटर भरली, तर झाड १५ मीटर उंच. दुप्पट म्हणजे ३० मीटर, मोठ्या माणसाची सुमारे ४० पावले. भूमितीतले समरूप त्रिकोण परीक्षेपुरते नसतात, ते असे जीवही वाचवतात.

भरवस्तीत एवढी मोकळी जागा मिळत नाही. तेथे फांद्या एकेक करून दोराने बांधून उतरवतात आणि मग खोडाचे तुकडे करतात. तारा जवळ असतील तर आधी वीज बंद करून घ्यावी लागते. दोन्ही टोकांना शिट्टी आणि लाल निशाण घेतलेला एकेक माणूस हवा. त्याचे काम केवळ ये-जा करणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचे. करवत चालवणाऱ्याचे कान झाकलेले असतात, त्याला आपली हाक पोहोचत नाही. मुलांनो, त्याच्या पाठीमागून कधीही जवळ जाऊ नका.

शहरी भागात झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. रस्त्यावरच्या कामांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिकाही आहे. आधी दुरून इशारा, मग वळण, मग कामाची जागा आणि शेवटी पूर्ववत रस्ता, असे भाग तिने पाडून दिले आहेत. पण कागद स्वतः येऊन फाटकाशी उभा राहत नाही. तेथे आपणच उभे राहिले पाहिजे.

त्या प्रसंगानंतर आम्ही काय केले तेही सांगतो. मुख्याध्यापकांनी काम करणाऱ्यांना बोलावून शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळा लिहून दिल्या. त्या वेळी, तसेच शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला माणसे जाता-येता करवत बंद ठेवायची, असे ठरले. शाळेचे मागचे दार उघडले. दोन शिक्षक रोज वाटेवर उभे राहिले. काम दोन दिवस लांबले, पण कोणाची तक्रार आली नाही.

पालकहो, झाड पडले म्हणजे धोका संपला असेही मानू नका. बुंधा उपटलेला खड्डा पावसाच्या पाण्याने भरला की दिसत नाही. भुसा ओला झाला की पाय घसरतो. शेजारच्या झाडात अडकलेली तुटकी फांदी दोन दिवसांनी वाऱ्याने खाली येते, आणि छत्रीखालून चालणाऱ्या आपल्या बुजुर्गांना ती दिसत नाही. खड्डा बुजवून पायवाट झाडून होईपर्यंत काम पुरे झाले असे म्हणू नये, आणि ते करून घेण्याचा आग्रह आपण धरावा.

वाटेवरची काटेरी फांदी बाजूला करणाऱ्या माणसाला अल्लाने माफ केले, ही हदीस आपली मुले लहानपणीच शिकतात. आपल्या मोहल्ल्यात पुढच्या वेळी करवतीचा आवाज आला, तर घरातून एकाने बाहेर यावे आणि एवढेच विचारावे, "पायी जाणाऱ्यांनी कोठून जायचे?" उत्तर मिळेपर्यंत मुलाचा हात सोडू नये.

ज्याचे दप्तर फाटले तो मुलगा आज सहावीत आहे आणि या सभागृहात बसला आहे. त्याची मी येथे सर्वांसमक्ष माफी मागतो आणि माझे भाषण पुरे करतो. खुदा हाफिज.