टॉवर कुणाचा, वावर कुणाचे?

(कोळगाव, जि. पालघर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कपाशीची वेचणी आणि ज्वारीची राखण घरच्यांवर टाकून तुम्ही इतक्या लांब, या भाताच्या आणि गवताच्या मुलखात आलात. सकाळी चहाच्या वेळी तुमच्यातल्याच एकाने मला विचारले, "भाऊ, कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून हे मोबाइलच्या टॉवरचे काय काढले?" प्रश्न रास्त आहे. उत्तर त्याच्याच खिशात होते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून मोबाइल घेऊन बांधावर उभे राहायचे, पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा आपणच नोंदवायचा असे ठरले. 2025 च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नाव घाला, असा हुकूम निघाला. म्हणजे रेंज नाही तर नोंद अडली, आणि नोंद अडली तर सातबाऱ्यावर पीक नाही. सातबारा कोरा करा ही आपली जुनी मागणी आहे, पण असला कोरा सातबारा आपण कधी मागितला नव्हता!

तेव्हा रेंज हवी. रेंज हवी तर टॉवर हवा. आणि टॉवर काही हवेत उभा राहत नाही, तो कुणाच्या तरी वावरात उभा राहतो. ते वावर तुमचे असेल तर कोणाची परवानगी लागते, कोण अडवू शकतो आणि तुमच्या हातात काय उरते, एवढेच आज बोलायचे आहे.

आधी भामट्यांचे बोलू

आमच्या भावकीतल्या एकाने पेपरातली छोटी जाहिरात वाचली. शेतात टॉवर बसवा, लाखोंचा आगाऊ पैसा, महिन्याला हजारो रुपये भाडे. फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. म्हणाला, "तुमचे शेत उपग्रहावरून निवडले गेले आहे." मग कागद आले. त्यावर सिंहाचा शिक्का, खाली इंग्रजी सही. आधी फाइलचे अडीच हजार, मग परवान्याचे बारा हजार, मग विम्याचे. बोंडअळीने सोडलेल्या कापसाचे जे आले होते ते असे गेले. टॉवर आला नाही आणि फोनही बंद झाला. लाजेखातर त्याने दोन महिने घरात सांगितले नाही.

हे नीट ध्यानात ठेवा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. ते टॉवर बसवण्यासाठी कुणालाही ना हरकत दाखला देत नाही. दूरसंचार खात्याने आणि ट्रायने पुन्हा पुन्हा जाहीर केले आहे की टॉवरसाठी जागामालकाकडून पैसे मागणारा माणूस फसवणारा समजा. आणि कायदा बाजूला ठेवा, व्यवहार बघा. तुम्ही जागा देणार, कंपनी भाडेकरू. भाडेकरूलाच मालकाने पैसे द्यायचे ही कुठली रीत? कुणी फसला असेल तर लाजू नका. 1930 या नंबरावर लगेच कळवा. लाज त्याला वाटू द्या ज्याने लुटले.

कोळगावात एका रस्त्यावर चार मालक

आता खऱ्या टॉवरकडे येऊ. ही बैठक कोळगावात घेतली त्याला कारण आहे. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. दुग्धविकास खात्याची कोळगाव आणि शेजारच्या गावांतली साधारण 440 हेक्टर जमीन सिडकोला मिळाली. बदल्यात सिडकोने जिल्ह्याची कचेरी बांधायची आणि उरलेल्या जमिनीवर नवे शहर वसवायचे. 19 ऑगस्ट 2021 ला मुख्यालयाचे उद्घाटन झाले. जिथे गवत कापले जायचे तिथे आज जिल्हाधिकारी बसतात. जमीन तीच, माती तीच, नकाशावरचा रंग तेवढा बदलला.

हा रंग म्हणजेच झोन. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली नकाशे होतात. पिवळा रंग राहण्याचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. आणि कोणत्या रंगात काय बांधायचे ते कोणी ठरवायचे, हेही जागेवर अवलंबून. पालघरपासून बोईसरपर्यंत याच रस्त्याने जा. पालघर गावात नगरपरिषद. इथे नव्या शहरात सिडको. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एमआयडीसी. मधल्या गावांत ग्रामपंचायत, आणि तिच्या डोक्यावर जिल्हाधिकारी व नगररचना खाते. एकाच रस्त्यावर चार मालक! समुद्राकडे सरकलात तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम, डोंगराकडे सरकलात तर 1980 चा वन कायदा.

म्हणून टॉवरवाला दारात आला की पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. पहिला प्रश्न हा की माझा गट नंबर कोणत्या झोनमध्ये आहे. नगररचना कार्यालयातून झोन दाखला मिळतो. तो आधी काढा. बिनशेतीचे नियम तर सरकारने 2014 नंतर इतक्या वेळा बदलले आहेत की जुन्या माहितीवर विसंबू नका. करार करण्याच्या दिवशी काय लागू आहे ते तहसील कचेरीत लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या.

ग्रामपंचायत कुठे गेली?

आता कुणी म्हणेल, "ग्रामसभेने ठराव केला की झाले. टॉवर हवा तर हवा, नको तर नको." पूर्वी लोक असेच समजत. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या 52 व्या कलमात बांधकामाच्या परवानगीचा विषय आहे, त्यामुळे सरपंचाच्या सहीला वजन होते. त्या वजनाचा कुठे कुठे काय भाव झाला तेही आपल्याला ठाऊक आहे.

सांगली जिल्ह्यातल्या चिकुर्डे गावाची गोष्ट ऐका. टॉवरच्या लहरींनी कॅन्सर होतो अशी तक्रार गावकऱ्यांनी केली. ग्रामपंचायतीने काम थांबवण्याचा ठराव केला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने तो ठराव रद्द केला. सांगितले काय, तर या भीतीला शास्त्रीय आधार दाखवलेला नाही.

मी लहरींच्या बाजूने किंवा विरुद्ध वकिली करायला उभा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरींना 'कदाचित कॅन्सरकारक' अशा गटात टाकले. त्यात ठाम पुरावा असल्याचे म्हटलेले नाही. आपल्या सरकारने 1 सप्टेंबर 2012 पासून लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. 2 मे 2017 ला 'तरंग संचार' हे पोर्टल सुरू झाले. चार हजार रुपये भरून आपल्या जागी लहरी मोजून मागण्याची सोय त्यात ठेवली. ज्याला शंका आहे त्याने मोजून मागावे. आकडा हातात असेल तर साहेब ऐकतो. नुसत्या ठरावाचे काय होते ते चिकुर्डेने पाहिले.

कायद्याचा ओघ कुठे चालला आहे तेही बघा. 1885 चा तार कायदा इंग्रजांचा. 2016 मध्ये त्याखाली मार्गाच्या हक्काचे नियम आले. ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीत म्हटले की खाजगी जागेवर टॉवर उभारायला स्थानिक संस्थेच्या परवानगीची गरज नाही, काम सुरू करण्याआधी लेखी कळवले की पुरे. मग डिसेंबर 2023 मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. त्यातली जागेच्या हक्काची कलमे 26 जून 2024 पासून आणि नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले.

या नव्या कायद्यातल्या तीन गोष्टी पदराला गाठ मारून घरी न्या.

पहिली. खाजगी जागेवर टॉवर हवा तर कंपनीने मालकाला विचारायचे आणि दोघांनी ठरवतील त्या अटींवर करार करायचा. पण मालकाने नाही म्हटले आणि केंद्र सरकारला ते सार्वजनिक हिताचे वाटले, तर सरकार तो मार्गाचा हक्क घेऊ शकते. वाद झाला तर तो जिल्हादंडाधिकाऱ्यांपुढे, आणि भरपाईचा वाद जिल्हा न्यायाधीशांपुढे.

दुसरी. कंपनीला तुमच्या जमिनीत फक्त वापराचा हक्क मिळतो. मालकी मिळत नाही. सातबाऱ्यावर मालक म्हणून तुमचेच नाव राहिले पाहिजे.

तिसरी. उभा केलेला टॉवर त्या जमिनीचा भाग धरला जाणार नाही, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही. 2016 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असे सांगितले होते. सात वर्षांनी संसदेने कायदाच वेगळा केला. गावाच्या तिजोरीत टॉवरचा कर येईल या भरवशावर ज्या ग्रामपंचायतींनी अंदाजपत्रके मांडली, त्यांनी हे कलम वाचावे.

म्हणजे काय झाले? परवाना देणारे हात गावातून उठून दिल्लीला गेले. बाबूच्या टेबलावरून फाइल लवकर हलणार असेल तर त्याचे मला दुःख नाही. फाइल अडवून कुणाचे भले झाले? पण परवाना गेला तिथे गावाचा शब्दही गेला. आता शेतकऱ्याचा शब्द एकाच कागदावर उरला आहे, तो म्हणजे करारनामा. तोच कागद आपण न वाचता अंगठा लावून देतो!

अंगठ्याच्या आधी

करार बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. मराठी प्रत मागा. देत नसतील तर थांबा. पंधरा-वीस वर्षांचा करार पंधरा मिनिटांत होत नाही. त्यात काय बघायचे?

जागा किती, ती चतुःसीमेसह आणि नकाशासह. टॉवरला जाणारा रस्ता किती रुंद आणि पेरणीच्या दिवसांत गाडी कुठून येणार. भाडे किती, किती वर्षांनी किती वाढणार. एका टॉवरवर पुढे आणखी दोन कंपन्यांची यंत्रे चढली तर त्यातले मालकाला काय. वीजबिल, कर, जनरेटरचे तेल सांडून पीक जळाले तर भरपाई कोणाची. वीज पडली, टॉवर कोसळला तर विमा कोणाचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, सोडून जाण्याचे कलम. बहुतेक करारांत कंपनीला महिना-दोन महिन्यांच्या नोटिशीवर जाता येते आणि मालक मात्र मुदतभर बांधलेला असतो. 2 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने एका दिवसात रद्द केले. 2018 मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली. कंपन्या जातात, भावांनो. मागे काय राहते? वावरात सिमेंटचा पाया. त्यावर ना कपाशी उगवते ना ज्वारी. म्हणून पाया उखडून, खड्डा मातीने भरून जमीन पूर्ववत करून द्यावी आणि त्यासाठी अनामत ठेवावी, ही अट लिहूनच घ्या.

भाडेपट्टा एक वर्षाहून जास्त असेल तर तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलाच पाहिजे. नुसता स्टॅम्प पेपर आणि नोटरीचा शिक्का यावर विसंबू नका. सातबाऱ्यावर बहिणींची, चुलत्यांची नावे असतील तर त्यांच्याही सह्या घ्या. उद्या भाड्यासाठी भाऊबंदकी कोर्टात गेली तर टॉवर गावाला रेंज देत राहील आणि तुमचे बोलणे बंद होईल.

पालघरच्या भावांना एक वेगळे सांगणे आहे. जमीन आदिवासीच्या नावावर असेल तर जमीन महसूल संहितेचे 36-अ कलम आडवे येते. बिगर आदिवासीला ती भाडेपट्ट्यानेही द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते, आणि पाच वर्षांहून जास्त मुदतीसाठी सरकारची मान्यताही लागते. हे कलम 1974 साली आले ते आदिवासींच्या जमिनी भामट्यांच्या घशात जाऊ नयेत म्हणून. कुणी म्हणाला की टॉवरला हे लागत नाही, तर त्याच्याकडून ते लिहून घ्या. भोगवटादार वर्ग 2 ची जमीन असेल तरीही आधी तहसीलदाराला विचारा.

शेवटचे. विजेच्या मोठ्या वाहिनीचे टॉवर आणि मोबाइलचा टॉवर यांत गल्लत करू नका. वीजवाहिनी तुम्ही बोलावलेली नसते. तिथे भाडे मिळत नाही, भरपाई मिळते. केंद्राच्या 14 जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के असे सांगितले आहे. कुणी मोबाइलचा हिशेब दाखवून विजेची भरपाई कमी करू लागला तर फसू नका.

भावांनो, टॉवरला दगड मारणारा आणि टॉवरवाल्याला हार घालणारा, दोघेही करार वाचत नाहीत. आपण तिसरे होऊ. आपल्या गावात रेंज येऊ द्या, कंपनीला तिचा धंदा करू द्या, पण आपल्या वावराचा भाव आपण ठरवू.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एक काम करून यायचे. आपल्या गावात जो टॉवर उभा आहे त्याच्या मालकाला भेटा आणि त्याच्या कराराची झेरॉक्स मागा. नाव-गाव झाकून आणली तरी चालेल. दहा गावांचे दहा करार एका सतरंजीवर मांडू. कुणाला किती भाडे, कुणाला किती मुदत, कुणाचा पाया कोण उखडणार, हे एकमेकांना कळले की अकराव्या गावात कुणी न वाचता अंगठा लावणार नाही.